चलच्चित्र कॅमेऱ्याच्या पेटंटचा वाद (१८९७-१९१७) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
यंत्राचा शोध बहुधा अनेकांच्या श्रमांतून साकारतो. पेटंट कायद्याला मात्र हक्काची निश्चित सीमा आखावी लागते. या दोहोंतील अंतर अमेरिकेतील चलच्चित्र कॅमेऱ्याच्या खटल्यातून स्पष्ट होते.

वादाचे स्वरूप :
थॉमस एडिसन यांनी १८९१ मध्ये 'कायनेटोग्राफ' कॅमेऱ्यासाठी अर्ज केला व ३१ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना पेटंट मिळाले. १८९८ मध्ये त्यांनी अमेरिकन म्यूटोस्कोप कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. या कंपनीच्या उभारणीत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांचा वाटा होता. विशेष म्हणजे, एडिसन यांच्या प्रयोगशाळेत कायनेटोग्राफ घडविण्याचे प्रत्यक्ष काम बव्हंशी डिक्सन यांनीच केले होते. पेटंटवर मात्र एकट्या एडिसन यांचे नाव होते. एडिसन यांच्या कॅमेऱ्यात कडेच्या छिद्रांत अडकणारे दातेरी चाक फीत पुढे सरकवीत असे. म्यूटोस्कोपच्या कॅमेऱ्यात ती रुळांच्या घर्षणाने सरकत असे.

न्यायनिर्णय :
१९०१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने एडिसन यांचा दावा मान्य केला. मार्च १९०२ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरविला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी एकाच भिंगातून हालचालींची क्रमवार छायाचित्रे पूर्वीच घेतली होती. त्यामुळे मूळ कल्पनेवर एडिसन यांना हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाने मानले. त्यानंतर मर्यादित दाव्यांसह पेटंट पुन्हा मिळविण्यात आले. १९०७ च्या निकालात दातेरी चाकाच्या रचनेस संरक्षण मिळाले; घर्षणावर चालणारा कॅमेरा मात्र त्यातून वगळला गेला.

परिणाम :
कायद्याने पूर्ण मक्तेदारी नाकारल्यावर प्रतिस्पर्धीच एकत्र आले. डिसेंबर १९०८ मध्ये दोन्ही पक्षांची पेटंटे 'मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी'त एकवटली. निर्माते, वितरक व चित्रपटगृहे यांना तिचा परवाना घ्यावा लागे. १९१५ मध्ये संघीय न्यायालयाने ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. प्रक्षेपकात ठराविक चित्रपटच दाखवावेत, अशी अट पेटंटधारकास घालता येणार नाही, असा निर्णय १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

समारोप :
सुमारे दोन दशकांच्या या वादातून दोन बाबी दिसून येतात. यंत्ररचनेवर हक्क मिळू शकतो, परंतु तिच्या आधारे संपूर्ण कलाव्यवसाय ताब्यात घेता येत नाही. तसेच पेटंटची नोंद म्हणजे शोधाचा संपूर्ण इतिहास नव्हे. मारे यांचे पूर्वकार्य न्यायालयाने विचारात घेतले. डिक्सन यांच्या श्रमांचे मोल ठरविण्याचे काम मात्र इतिहासकारांकडेच राहिले.