खाण्याच्या स्पर्धांचे नियमन, नवी मुंबई
ठरावीक वेळात जास्तीत जास्त पदार्थ फस्त करण्याच्या चढाओढीला नियम, पंच आणि सुरक्षेची चौकट घालून देण्याची व्यवस्था. नवी मुंबईत वडापाव, पाणीपुरी, मोदक अशा पदार्थांच्या स्पर्धा गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण सोसायट्या, महाविद्यालये आणि उपाहारगृहे हौसेने भरवतात. पण केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघांत हा प्रकार नाही. त्यामुळे संयोजक ठरवील तोच नियम आणि त्याचाच माणूस पंच.

महाराष्ट्राला पैजेचे खाणे नवे नाही. लग्नाच्या पंगतीत वरपक्षाकडचा एखादा गडी किती जिलब्या रिचवतो यावर पैज लागे. तिथे पोटाची कुवत पाहत, वेग नव्हे. घड्याळ आले ते अलीकडे, आणि धोका वाढला तो त्यामुळेच. वडापाव बेताने खाल्ला तर निरुपद्रवी असतो. घाईत मात्र कोरडा पाव टाळूला चिकटतो, सुक्या लसणाच्या चटणीने ठसका लागतो आणि ठसक्यासरशी घास श्वासनलिकेकडे सरकू शकतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील हॉट डॉग स्पर्धेत खेळाडू पाव पाण्यात बुडवून खातात, ते अशाच कोरडेपणावर उपाय म्हणून.

त्या स्पर्धेमागची ‘मेजर लीग ईटिंग’ ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित नियामक संस्था. जॉर्ज आणि रिचर्ड शे या भावांनी ती 1997 मध्ये वेगळ्या नावाने सुरू केली. अठरा वर्षांखालील स्पर्धकांना बंदी, जागेवर वैद्यकीय पथक आणि खाल्लेले उलटून पडल्यास स्पर्धक बाद, हे तिचे ठळक नियम. घरी एकट्याने सराव करू नये, असेही ती बजावते. तरीही ही खासगी संस्था आहे, क्रीडा महासंघ नव्हे. 2001 मध्ये 50 हॉट डॉग खाऊन जुना विक्रम जवळपास दुप्पट करणारा ताकेरू कोबायाशी 2010 मध्ये कराराच्या वादातून स्पर्धेबाहेर राहिला. 10 मिनिटांत 76 हॉट डॉग खाणारा जोई चेस्टनट 2024 मध्ये शाकाहारी ‘सॉसेज’ विकणाऱ्या कंपनीशी केलेल्या करारामुळे बाहेर बसला. इतक्या चोख नियमावलीत प्रायोजकाचे हित असे मधोमध बसलेले असते.

नवी मुंबईत कायदा लागू होतो, पण तुकड्यातुकड्यांनी. मंडपाची परवानगी महानगरपालिका देते, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांकडे जावे लागते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 नुसार तात्पुरत्या स्टॉलवाल्यालाही नोंदणी लागते. ती अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत येते. म्हणजे ताटातले अन्न, ताटावरचे छप्पर आणि ताटापुढचा भोंगा यांवर नजर आहे; खाणाऱ्याच्या घशाकडे पाहणारा अधिकारी कोणताच नाही. स्पर्धकाचे वय, वेळेची मर्यादा, डॉक्टरची हजेरी यांबाबत सक्तीचा खास नियम नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात ओणमनिमित्तच्या इडली खाण्याच्या स्पर्धेत घास अडकून एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. असे घडल्यावर मृत्यू निष्काळजीपणामुळे झाल्याचे सिद्ध झाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्पर्धकाकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही घेतली म्हणून संयोजक यातून आपोआप सुटत नाही. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे रेडिओ केंद्राच्या पाणी पिण्याच्या स्पर्धेनंतर एका महिलेचा मृत्यू झाला. 2009 मध्ये ज्यूरीने तिच्या कुटुंबाला सुमारे 1 कोटी 65 लाख डॉलर भरपाई मंजूर केली.

श्वासनलिका पूर्ण बंद झाली तर मेंदूला इजा होण्यास चार-सहा मिनिटे पुरतात. 108 ची रुग्णवाहिका पाम बीच मार्गावरच्या गर्दीतून येईपर्यंत पाठीवर थापा आणि पोटावर झटके देता येणारा माणूस मंचाशेजारी हवा. हे वाढप्याला शिकवायला एक दुपार पुरते, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.