मूळ पाठाचा शोध आणि केडगांवच्या पंडिता

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचें उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ सालीं हातीं घेतलें आणि डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखालीं तें पुढें कित्येक हंगाम चाललें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकरी वस्तीचे तीन थर तेथें एकावर एक मिळाले. तळाशीं माळवा, त्यावर पूर्व जोर्वे आणि सर्वांत वर उत्तर जोर्वे. एका घराच्या जमिनीखालीं मातीच्या पेटींत ठेवलेली मस्तकहीन देवीची मूर्ति सांपडली, ती सर्वश्रुत आहे. उत्खननशास्त्राचा पहिला नियम असा, कीं वस्तु ज्या थरांत सांपडली त्या थराची ती मानावी. वरचें खापर खालच्या थरांत घालूं नये.

विद्यार्थ्यांना हें टेकाड दाखवून परततांना आमच्या मनांत नेहमीं एक विचार येतो. त्या मूर्तीचा काळ कोणीं कांहींहि ठरविला तरी कोणी रागावत नाहीं, कारण तिची पूजा करणारे आज उरलेले नाहींत. परंतु ज्या ग्रंथाचें पठण आजहि चालू आहे, त्याच्या बाबतींत ‘हें वाक्य कोणत्या थरांतलें?’ असें विचारण्यास धैर्य लागतें. हें धैर्य दाखविणारी एक व्यक्ति इनामगांवापासून फार दूर नव्हती. भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत शिरलें म्हणजे केडगांव लागतें. तेथील मुक्ति मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई ही ती व्यक्ति होय.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद पत्करून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें मुलीस दिलें. पुराणें सांगत हें कुटुंब देशभर फिरलें. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मूळ वचन काय व त्याची टीका काय, हा भेद त्यांच्या अंगीं लहानपणापासून मुरलेला होता. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेव्हां त्यांनीं धर्म बदलला. वाचण्याची रीत मात्र बदलली नाहीं.

याचा प्रत्यय तेथील धर्मभगिनींना लवकरच आला. त्यांचा परस्पर पत्रव्यवहार १९७७ सालीं प्रसिद्ध झाला असून तो मुळांतून वाचण्यासारखा आहे. ईश्वराच्या त्रैक्याचें तत्त्व आणि अथनेशियसच्या नांवानें चालणारें श्रद्धासूत्र निमूटपणें मान्य करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. शास्त्रांत जें स्वतःस आढळेल तेंच आपण मानूं, केवळ चर्चच्या अधिकारावरून नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. गुरुस्थानीं असलेल्या मंडळींस हा अहंकार वाटला.

परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां प्रश्न रास्तच होता. तें श्रद्धासूत्र चौथ्या शतकांतील अथनेशियसचें नव्हे. तो ग्रीक भाषेंत लिहीत असे, आणि हें सूत्र त्याच्या मागून पश्चिमेकडे लॅटिन भाषेंत रचलें गेलें, हें विद्वानांनीं ठरविलें आहे. याहूनहि बोलकें उदाहरण योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांतील आहे. पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तीन साक्षी असून तिघे एक आहेत, अशा आशयाचें एक वाक्य १६११ च्या इंग्रजी बायबलांत आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तें नाहीं. लॅटिन परंपरेंतून तें शिरलें. इरॅस्मसनें १५१६ सालीं ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला तेव्हां तें गाळलें होतें. ओरड झाल्यावर १५२२ च्या आवृत्तींत घातलें. पुढें १८८१ सालीं, म्हणजे रमाबाई इंग्लंडांत पोंचण्यापूर्वीं दोनच वर्षें, इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ति निघाली, तींतून तें पुन्हां वगळण्यांत आलें. वरच्या थरांतलें खापर वरच्या थरांत गेलें. एवढ्यानें त्रैक्याचें तत्त्व खोटें ठरतें असें नव्हे. त्याचा आधार म्हणून हें एक वाक्य पुढें करतां येत नाहीं, इतकेंच.

असल्या शोधाची मराठी वाचकास नवलाई वाटूं नये. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच गरजेंतून. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें देशोदेशींच्या पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार केली. तें काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें. नव्या कराराच्या संशोधकांपुढें तर पांच हजारांवर ग्रीक हस्तलिखितें आहेत. तेथें मात्र थरांचा दृष्टांत थोडा अपुरा पडतो. जमिनींत खालचें तें जुनें; पोथींत तसें नाहीं. उशिराच्या प्रतींतहि एखादा जुना पाठ टिकून राहतो, आणि शंभर प्रतींचें मत एका जुन्या प्रतीपुढें फिकें पडूं शकतें. म्हणून पोथ्या मोजून भागत नाहीं, तोलाव्या लागतात.

मुळाशीं जातां आणखी एक गोष्ट हातीं लागते, ती भाषेची. नव्या कराराची ग्रीक प्लेटोच्या ग्रीकसारखी नाहीं, याचें विद्वानांस फार दिवस कोडें होतें. कित्येकांनीं ती खास देववाणीच मानली. इजिप्तच्या वाळूंत पपायरसवर लिहिलेलीं सामान्य माणसांचीं पत्रें, पावत्या व तक्रारअर्ज मिळाले, आणि डाइसमान या जर्मन पंडितानें १८९५ पासून ते ताडून दाखविले, तेव्हां उलगडा झाला. ही बाजारांत व घरांत चालणारी बोली होती. लूकची किंवा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राची शैली अधिक घटवलेली आहे खरी. पण एकंदर ग्रंथ लोकांच्या तोंडच्या भाषेंतला.

आतां केडगांवाकडे वळूं. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं निराश्रित मुली तेथें आणल्या, हा इतिहास परिचित आहे. त्याच ठिकाणीं आयुष्याच्या अखेरच्या सुमारें दीड तपांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांच्या आधारें संपूर्ण बायबल मराठींत आणलें. मराठी बायबल त्यापूर्वीं नव्हतें असें नाहीं. श्रीरामपूरच्या केरीनें १८०५ मध्यें मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ मध्यें नवा करार छापला होता; मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ चा. परंतु त्या मराठींतील पंडिती शब्द खेड्यांतल्या बायांना कळत नाहींत, आणि कित्येक शब्दांना वेदान्ताचा असा वास आहे कीं मूळ अर्थ बाजूला राहतो, असें रमाबाईंचें म्हणणें होतें. संस्कृतावर असें प्रभुत्व असलेल्या बाईनें संस्कृत शब्द बुद्धिपुरस्सर दूर ठेवावे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. मुळांतल्या बोलीचा न्याय त्यांनीं मराठीस लावला, असें आम्हांस वाटतें. छपाईहि मुक्तीच्याच छापखान्यांत, तेथील बायामुलींच्या हातून झाली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

त्या चिकित्सक होत्या असा आमचा दावा नाहीं. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे ही त्यांची श्रद्धा उत्तरायुष्यांत अधिकच दृढ झाली होती. पण श्रद्धा दृढ असूनहि, किंवा असल्यामुळेंच, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्यावर त्यांनीं समाधान मानलें नाहीं.

आम्हीं मराठी लोकांनीं या कामाची बूज राखली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. १८९३ सालीं शारदासदनाचा वाद पेटल्यापासून रमाबाई धर्मांतरित म्हणून कांहींना नकोशा झाल्या. पुढें सुधारक म्हणून त्यांचा गौरव झाला, तोहि त्यांचें पांडित्य कलकत्त्यालाच संपलें अशा थाटांत. आम्ही स्वतः महाविद्यालयांत बायबल वाचलें तें इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून. पुण्याहून रेल्वेनें जवळच असलेल्या गांवीं तेंच कोणी इब्रींतून मराठींत आणलें होतें, हें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंहि नाहीं. ख्रिस्ती धर्माशीं ज्यांचा कांहीं संबंध नाहीं अशा मराठीच्या अभ्यासकांनींहि तो ग्रंथ केरीच्या व अमेरिकन मिशनच्या भाषांतरांशेजारीं ठेवून, शब्दाशीं शब्द ताडून वाचावा. विसाव्या शतकाच्या आरंभींची बायकांची मराठी त्यांत किती उतरली आहे, एवढा एक प्रश्न जरी नीट सुटला, तरी या केडगांवच्या श्रमांची थोडी फेड झाली असें म्हणतां येईल.