रुळांची रुंदी आणि संगणकाचा कारभारी



घरी नवा संगणक घेणारा वणीचा गृहस्थ दुकानात किंमत विचारतो, पडदा केवढा आहे ते पाहतो. परंतु त्या यंत्राचा कारभार कोण पाहणार, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. कळफलकावरची अक्षरे पडद्यावर आणणे, कागदपत्रे साठवणे, छपाईच्या यंत्राला हुकूम देणे ही सारी कामे जी आज्ञावली पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हे, हे आम्हांस आज इतिहासाच्या आधारे सांगावयाचे आहे.

प्रथम आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ गाडी कापसासाठी घातलेल्या अरुंद रुळांवरून धावे. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मार्गाचे रुंद रूळ भेटत. दोन्ही रूळ शेजारी, पण एकाचा डबा दुसऱ्यावर चढेना; माल उतरवून पुन्हा भरावा लागे. याउलट वणीचा कोळसा माजरीमार्गे रुंद रुळांवरून थेट देशभर जातो. रूळ घालताना जी रुंदी ठरते, तिचे परिणाम पुढील पिढ्या भोगतात.

संगणकाच्या जगात असेच घडले. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हा ग्राहकास खरोखरच निवड होती. डॉसची किंमत ४० डॉलर होती. काही महिन्यांनी आलेल्या सीपीएमची २४० डॉलर. लोकांनी स्वस्त माल उचलला. ज्या पद्धतीचे ग्राहक अधिक, तिच्यासाठी आज्ञावल्या अधिक. आणि आज्ञावल्या अधिक म्हणून ग्राहक आणखी अधिक, असे चक्र फिरू लागले. डॉसवरूनच पुढे विंडोजचा वाडा उभा राहिला.

या वाड्यात मराठीला प्रारंभी जागाच नव्हती. यंत्रात निराळे जिस्ट कार्ड बसवून देवनागरी उमटवावी लागे. हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने वाढविले. विंडोज आल्यावर दुसरी युक्ती निघाली. रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरीची चित्रे बसविली गेली. दिसावयास मजकूर मराठी. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हांची रांग! प्रत्येक विक्रेत्याचा संकेत निराळा. हेच आमचे मूर्तिजापूर होय.

१९९१ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याच वर्षी फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. तो कोणीही पाहावा, सुधारावा, वाटावा, अशी पुढे मुभा मिळाली. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय झाली. सी-डॅकने लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय पद्धती २००७ साली दिली.

मग निवड कशी करावी? ज्याला टॅलीवर दुकानाचे हिशेब ठेवावयाचे आहेत, त्याला विंडोज सोयीची. जुन्या यंत्रावर लेखन-वाचन करणाऱ्याला लिनक्स पुरेशी व फुकट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबली. अनेक धडधाकट यंत्रांवर नवी आवृत्ती रीतसर चढत नाही. अशांना लिनक्सने पुन्हा कामास लावता येते. मात्र आपले छपाईयंत्र तिच्याशी जुळते की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

परंतु कारभारी कोणताही नेमा, दप्तर मात्र आपल्या हाती ठेवा. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमधील कागद वाचता येत आहेत तोवर रूपांतरित करून घ्यावेत. वाचनालयाच्या नोंदवह्या, ग्रामपंचायतींचे ठराव, घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आता याच यंत्रात जमा होत आहेत. कारभारी बदलतात, कंपन्या बुडतात. पण नातवंडांनी उघडलेले दप्तर त्यांना वाचता आले पाहिजे. आजच्या निवडीची खरी कसोटी हीच, असे आम्हांस वाटते.