कर्जदाराची जोखीम आणि आकड्यांचे रूपांतर

कर्ज मागणारी व्यक्ती ते वेळेवर फेडेल किंवा नाही, याचा अंदाज घेण्यासाठी बँका आणि वित्तसंस्था गुणांकन पद्धतीचा अवलंब करतात. अमेरिकेत बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ही पद्धत रूढ केली. भारतात २००० मध्ये ‘सिबिल’ची स्थापना झाली. तिचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो.

अर्जदाराचे वय, उत्पन्न, थकलेले हप्ते अशा बाबींना संख्याशास्त्रात ‘चल’ म्हणतात. या चलांचे आकडे जसेच्या तसे वापरल्यास अंदाज चुकू शकतो. मासिक उत्पन्न १० हजार रुपयांवरून २० हजारांवर गेल्यास परतफेडीची क्षमता बरीच वाढते. १ लाखावरून १ लाख १० हजारांवर गेल्यास तेवढा फरक पडत नाही. वाढ मात्र दोन्ही वेळा सारखीच असते. म्हणून प्रत्येक चलाची गटांत विभागणी करून प्रत्येक गटाला ‘पुराव्याचे वजन’ दिले जाते.

उदाहरणार्थ, १ हजार जुन्या कर्जदारांपैकी ९०० जणांनी कर्ज फेडले आणि १०० जणांनी थकवले, असे समजा. एकही हप्ता न चुकवणाऱ्यांच्या गटात फेडणारे ४५० म्हणजे ५० टक्के, तर थकवणारे २० म्हणजे २० टक्के आहेत. ५० ला २० ने भागल्यास २.५ येतात, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.९२ हे या गटाचे वजन होय. दोन किंवा अधिक हप्ते चुकवणाऱ्यांच्या गटात हेच प्रमाण १० आणि ४० टक्के असेल, तर वजन उणे १.३९ येते. दोन्ही प्रमाणे समान असल्यास वजन शून्य होते. या वजनांच्या आधारे पुढे गुण ठरवले जातात. गटात पुरेसे कर्जदार नसतील, तर योगायोगालाच नियम समजण्याची चूक होऊ शकते.

उपलब्ध नसलेल्या माहितीबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. थकलेल्या हप्त्यांच्या रकान्यातील शून्याचे दोन अर्थ संभवतात : सर्व हप्ते वेळेवर भरले, अथवा कर्ज कधी घेतलेच नाही. या दोघांना एकाच गटात टाकणे अयोग्य होय. त्यामुळे ‘माहिती नाही’ असा स्वतंत्र गट करून त्याचे वजन प्रत्यक्ष अनुभवावरून ठरवले जाते. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे.

गटवार गुणांमुळे अर्जदाराचे गुण कोठे कमी झाले, हे स्पष्टपणे सांगता येते. मात्र मूळ नोंदच चुकीची असेल, तर गणित अचूक असूनही निर्णय चुकतो. पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे २०१७ पासून बंधनकारक आहे. कर्जासाठी अर्ज करण्यापूर्वी तो तपासून पाहणे हितावह ठरते.