किरण विमानाचा पूर्ववृत्तान्त आणि बोरघाट

कर्जत व खालापूर हे बोरघाटाच्या पायथ्याचे तालुके इतिहासभक्तांस अपरिचित नाहींत. सन १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानास ज्या उंबरखिंडींत कोंडलें, ती खालापूर तालुक्यांतच आहे. खोपोलीचा तलाव व महादेवाचें देऊळ हीं नाना फडणविसांच्या नांवाशीं निगडित आहेत. परंतु याच घाटांतून निघालेला एक धागा आपल्या वायुदलाच्या किरण या जेट विमानापर्यंत जाऊन पोहोंचतो, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तो धागा मित्यांच्या आधारें जुळवून दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. सुमारें सोळा मैलांत १८३१ फूट चढावयाचें, त्याकरितां पंचवीस बोगदे खोदावे लागले. गाडीची दिशा उलटी फिरविण्यासाठीं घाटांत एक स्थानक ठेविलें होतें. १९२९ सालीं नवी वाट निघाल्यावर त्याचें प्रयोजन उरलें नाहीं. घाटांतील नव्या बोगद्यांचें काम करणाऱ्या कंपनीचे सूत्रधार सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे होत. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेंतील माजी कारकुनाशीं भागी करून त्यांनीं कंत्राटें घेण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या पुढील सर्व उद्योगांचा पाया याच कामांत घातला गेला.

त्या उद्योगांपैकीं एक विमानांचा कारखाना होय. म्हैसूर सरकारच्या साह्यानें वालचंदांनीं २३ डिसेंबर १९४० रोजीं बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापिली. पुढें महायुद्धाच्या धामधुमींत, १९४२ सालीं, कारखान्याचा कारभार हिंदुस्थान सरकारनें आपल्या हातीं घेतला व वालचंदांचा संबंध सुटला. कंपनीचें नांव मात्र तेंच राहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील निर्णयास तिचा उपयोग आहे.

याच कारखान्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. यांचा जन्म १९०८ सालीं कोल्हापूरकडील हसूरचंपू या गांवीं झाला. जर्मनींत गटिंगेन येथें वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्यापाशीं अध्ययन करून त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत १९४२ सालीं निघालेल्या विमानविद्येच्या शाखेचीही त्यांनींच उभारणी केली. त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें एचटी-२ हें पंख्याचें शिकाऊ विमान १९५१ च्या आगस्ट महिन्यांत उडालें. वायुदलास जेट विमानांवर शिक्षण देण्यासाठीं व्हॅम्पायर या इंग्रजी विमानांवर विसंबावें लागे. त्यांची जागा घेणारें विमान येथेंच बनवावें असें ठरलें, व तें काम घाटग्यांकडे आलें.

हेंच एचजेटी-१६ उर्फ किरण. हें सर्व धातूचें असून त्यांत शिक्षक व शिष्य शेजारीं शेजारीं बसतात, आणि संकटसमयीं वैमानिकास बाहेर फेंकणारीं आसनें आहेत. शेजारच्या बैठकीचा लाभ असा कीं, शिष्याचा हात कोठें चुकतो हें शिक्षकास प्रत्यक्ष दिसतें. दिनांक ४ सप्टेंबर १९६४ रोजीं सुरंजन दास यांनीं त्याचें पहिलें उड्डाण केलें. १९६८ पासून तें वायुदलांत रुजू झालें.

आतां कर्तृत्वाचा प्रश्न. हें विमान हिंदुस्थान एअरोनॉटिक्स कंपनीनें निर्माण केलें असें सर्वत्र लिहिलें जातें. परंतु ती कंपनी जुन्या कंपनीचें नाशिकच्या मिग कारखान्यासाठीं निघालेल्या संस्थेशीं एकीकरण होऊन १ आक्टोबर १९६४ रोजीं अस्तित्वांत आली. म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर सत्तावीस दिवसांनीं. सबब किरण प्रथम उडालें तें वालचंदांनीं स्थापिलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्याच नांवें, हें निर्विवाद ठरतें. दुसरें असें कीं, आपलीं जेट विमानें परकीयांनींच रचलीं, असा एक समज आहे. १९६१ सालीं उडालेल्या मरुत विमानाचे मुख्य रचनाकार कुर्ट टँक हे जर्मन गृहस्थ होते, हें खरें. पण त्यावरून किरणासही तोच न्याय लावणें अयोग्य आहे. उलट, किरण सर्वस्वी स्वदेशी होतें असें म्हणणेंही साधार नव्हे. त्याचें व्हायपर इंजिन इंग्लंडच्या ब्रिस्टल सिडले कंपनीचें, अडीच हजार पौंड रेट्याचें होतें. रचना आपली, इंजिन परक्याचें, असाच निवाडा प्रमाणांस धरून होतो.

शिकाऊ विमानास शस्त्रें देण्याची कल्पना पुढें आली. सुधारलेल्या किरणाच्या, म्हणजे मार्क २ च्या, नमुन्यांत अधिक जोराचें ऑर्फियस इंजिन बसविलें. तो १९७६ च्या जुलैंत उडाला. त्याच्या नाकांत दोन मशीनगन व पंखांखालीं बाँब किंवा रॉकेटें टांगण्याच्या चार जागा असल्यामुळें हलक्या हल्ल्याचें कामही त्यास करतां येऊं लागलें. बहमनी सुलतानांची राजधानी म्हणून आपणांस ठाऊक असलेल्या बीदर येथें १९९६ सालीं सूर्यकिरण हें कसरतीचें पथक याच विमानांवर उभें राहिलें, व २०११ पर्यंत त्यांवर चाललें. डॉ. घाटगे १९९१ सालीं निवर्तले. त्यांस १९६५ सालीं पद्मश्री मिळाली होती.

किरणाचा सेवाकाळ आतां संपत आला आहे. यंत्र मोडीत गेलें तर त्याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. परंतु त्याबरोबर नकाशे, हिशेब, पत्रव्यवहार व कारागिरांच्या टिपणवह्या रद्दींत जातील, तर हानि भरून निघणार नाहीं. पेशव्यांच्या दफ्तरांतील एका चिठोरीसाठीं आपण गांवोगांव हिंडतों. मग घाटाच्या कामावर खपलेल्या मुकादमांचीं हजेरीपत्रकें व बंगळुरास गेलेल्या मराठी मंडळींचीं घरगुती पत्रें यांस अस्सल साधन कां मानूं नये? कर्जत, खालापूर व कोल्हापूर भागांतील संग्राहकांनीं असे कागद आढळल्यास जपून ठेवावे आणि त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या, अशी विनंति आहे. सत्तावीस दिवसांच्या अंतरानें कर्तृत्वाचें नांव बदलतें. कागदच नसले, तर तें पुसलेंच जाईल.