भटारखान्यातली साधना

निकोला एर्मां हा लॉरेन प्रांतातला, 1614 च्या आसपास जन्मलेला. तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई होता. तिथे पायाला झालेल्या जखमेमुळे जन्मभर लंगडला. नंतर एका बड्या अधिकाऱ्याकडे हुजऱ्या म्हणून राहिला, तर हाताला लागेल ते फोडून ठेवायचा. हे त्यानं स्वतःच सांगितलेलं. 1640 मध्ये तो पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरच्या अनवाणी कार्मेलाइट मठात आला. (संघ अनवाणी म्हणवणारा, तरी बंधूंच्या पायांत चपला असत, उतारवयात त्याच दुरुस्त करण्याचं काम याच्या वाट्याला आलं.) इथे आपल्या वेंधळेपणाची चांगली शिक्षा मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. मिळालं ते समाधान, आणि देवानं आपल्याला फसवलं अशी त्याची गमतीची तक्रार होती.

मठात त्याचं नाव झालं ब्रदर लॉरेन्स. तो पुरोहित नव्हता, अंगमेहनतीची कामं करणाऱ्या बंधूंपैकी होता. पुढे भटारखाना त्याच्याकडे आला. स्वयंपाकाची मुळातच नावड, आणि तिथे पंधरा वर्षं काढायची. ध्यानाच्या ठरीव पद्धती त्यानं करून पाहिल्या, त्या काही जमल्या नाहीत. मग सगळं सोडून एकच धरलं: हातातलं काम देवासाठी करायचं आणि करता करता त्याच्याशी मनातल्या मनात, साध्या शब्दांत बोलत राहायचं. लक्ष भरकटलं तर तसं कबूल करून परत यायचं. स्वतःला कोसत बसायचं नाही. चार जण चार वस्तू मागत असताना, भांड्यांच्या आदळआपटीत, वेदीसमोर गुडघे टेकल्यावर लाभते तीच शांतता त्याला लाभू लागली. अर्थात हे लगेच झालं नाही. पहिली दहा वर्षं फार जाचाची गेली, असं त्याच्याच एका पत्रात आहे.

इथे मराठी वाचकाला जनाबाई आठवणारच. फरक एवढाच की जनाबाईच्या जात्याला विठ्ठल स्वतः हात लावतो, लॉरेन्सच्या तव्यावरचं ऑम्लेट मात्र लॉरेन्सलाच उलटावं लागतं. त्याला मठासाठी वाइन खरेदीला बर्गंडीला धाडलं जाई. व्यवहारात डोकं चालत नाही, पाय लंगडा, तेव्हा नावेत पिंपांवरून अक्षरशः गडगडत पुढे सरकायचं. हे काम तुझंच आहे, एवढं तो देवाला सांगे, आणि खरेदी नीट पार पडे.

त्यानं पुस्तक लिहिलं नाही. जोसेफ द बोफोर नावाचा पुरोहित 3 ऑगस्ट 1666 रोजी त्याला पहिल्यांदा भेटला. अशा चार भेटींची टिपणं त्यानं ठेवली. 12 फेब्रुवारी 1691 ला लॉरेन्स गेला. मग बोफोरनं 1692 मध्ये त्याची वचनं आणि सोळा पत्रं छापली, 1694 मध्ये भेटींचा वृत्तान्त आणि चरित्र.

मुहूर्त वाईट निघाला. फ्रान्समध्ये तेव्हा 'क्वायटिझम'चा वाद पेटला होता: आत्म्यानं सगळी धडपड सोडून देवापुढे नुसतं स्वस्थ राहावं, ही शिकवण चर्चला घातक वाटत होती. मादाम ग्युयाँ तुरुंगात गेल्या. त्यांची बाजू घेणारे आर्चबिशप फेनेलाँ लॉरेन्सला प्रत्यक्ष भेटलेले, त्याचा दाखला देणारे. आणि बोफोर ज्यांच्या हाताखाली होता ते नोआय विरुद्ध गोटात. 1699 मध्ये पोपनी फेनेलाँच्या पुस्तकातली 23 विधानं निषिद्ध ठरवली. त्यानंतर फ्रान्समधल्या कॅथलिकांत या आचाऱ्याचं नाव मागे पडलं. सहन करून, चुकत, पुन्हा सुरू करून घडलेल्या माणसाला निष्क्रियतेच्या संशयाची झळ लागावी, हा मला त्या वादातला सगळ्यात आंधळा भाग वाटतो.

त्याला जपलं ते परक्यांनी. मेट्झमध्ये जन्मलेला, म्हणजे जवळपास लॉरेन्सच्याच मुलखातला प्रोटेस्टंट पाद्री पिएर प्वारे नेदरलँड्समध्ये स्थायिक झाला होता. त्यानं या लिखाणाच्या नव्या आवृत्त्या काढल्या. पुढे इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीनं आपल्या 50 खंडांच्या 'ख्रिश्चन लायब्ररी'त त्याचा उतारा घेतला. तिथून छोट्या, स्वस्त पुस्तिका निघत राहिल्या. पोपला न मानणाऱ्या घरांत एका कॅथलिक मठवासीयाची शिकवण नित्यवाचनात गेली.

या प्रवासात एक गोष्ट झाली. ज्यानं पद्धती टाकल्या, त्याचीच पद्धत बनली. आता त्याच्या नावानं पायऱ्या आणि दिवसांचे तक्ते छापले जातात. लॉरेन्सकडे पायऱ्या नव्हत्या; त्याच्याकडे पंधरा वर्षांचा नावडता स्वयंपाक होता, आणि तो तक्त्यात बसत नाही.

त्याच्या लिखाणाची चिकित्सक फ्रेंच आवृत्ती कॉनराड द मेस्टर यांनी सिद्ध केली. ती 1991 मध्ये, मृत्यूला तीनशे वर्षं होताना निघाली. संपादक कार्मेलाइट होते.