कावा आणि कपट

इंग्रजीतील ‘कनिंग’ हा शब्द मुळात ‘जाणणे’ या अर्थाचा. एके काळी तो कुशल कारागिराचे भूषण होता. ‘क्राफ्ट’ म्हणजे आधी सामर्थ्य, मग कसब, पुढे कावेबाजपणा. ‘ट्रेचरी’ म्हणजे विश्वासघात. त्या शब्दाला मात्र चांगले दिवस कधीच नव्हते.

याचे मर्म भोपाळच्या इतिहासात सापडते. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी येथे निजामाला कोंडून त्याची रसद तोडली. जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याचा तह झाला. शत्रू सावध होता, म्हणून तो कावा. अठराव्या शतकाच्या आरंभी जवळच्याच जगदीशपुरास दोस्त महंमदखानाने मेजवानीस बोलावलेल्या राजपुतांची कत्तल केली, असे परंपरा सांगते. नदीचे नावच ‘हलाली’ पडले. ते कपट. बुद्धी दोन्हीकडे लागली. दिलेला विश्वास एकीकडेच मोडला.